अस्वलाचा चौथा फर्मा

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक माणूस गेली एकेचाळीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत बसलेला आहे. त्याचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. बाकी सगळीकडे तो खळमामा. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेला चिकट लगदा, पुस्तकं बांधताना लावतात तो. तो रोज सकाळी स्वतः शिजवतो, कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालतो, आणि मग दिवसभर ती खळ त्याच्या बाह्यांवर, चष्म्याच्या दांडीवर आणि भुवईवर वाळत राहते. ‘मामा’ हे थोरल्या बहिणीच्या मुलांमुळे चिकटलं. ती पोरं वाचनालयात ‘मामा, मामा’ करत हिंडायची. त्यांचं ऐकून निम्मं गाव त्याचं भाचरं झालं. मी त्याच्याबरोबर पहिलीपासून एका बाकावर बसलो, तरी मीही मामाच म्हणतो. त्याची त्याला हरकत नाही. हरकत आहे ती मी फार बोलतो याला.

मी तिथं जाऊन बसतो तो खरं तर बघायला. दुरुस्तीला आलेलं पुस्तक म्हणजे वाचणाऱ्याचा कबुलीजबाब असतो. डॉक्टरांच्या सौभाग्यवती रहस्यकथा शेवटाकडून वाचतात, हे मला शेवटच्या पानावरच्या तेलकट अंगठ्यावरून कळलं. मुख्याध्यापक ज्या कादंबऱ्यांना भर सभेत उथळ म्हणाले, त्या ते न्हाणीघरात नेतात. पानं फुगून येतात ना. खळमामा मात्र या बाबतीत अगदी कुचकामी माणूस. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर असतं आणि तो अवाक्षर काढत नाही. दुमडलेला कोपरा नखानं सरळ करतो, वर वजन ठेवतो, संपलं.

खोलीला एकच खिडकी, ती सायकली लावायच्या जागेवर उघडते. लोखंडी चाकाचं दाबयंत्र, कागद कापायचं यंत्र, दोऱ्याची रिळं, बाटलीच्या बुचात खोचलेल्या सुया. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ग्रंथपालबाईंनी खोलीची किल्ली परत मागितली नाही आणि त्यानं दिली नाही. दोघांनीही त्याबद्दल बोलायचं टाळलं, त्यामुळे सगळं सुरळीत चालू आहे.

आता एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढं अडायला नको. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि त्याच्या घड्या घालतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. असे पाच-सहा फर्मे एकापाठोपाठ एक शिवले की झालं पुस्तक. क्रम चुकला की झाला घोटाळा: लग्न आधी आणि ओळख नंतर. (आमच्या गावात हे बांधणीशिवायही झालेलं आहे, पण तो विषय वेगळा.) असे चुकलेले फर्मे पकडण्यात खळमामाचा हात धरणारा कोणी नाही. पुस्तक हातात घेऊन अंगठ्यानं पानं फर्रकन सोडली की त्याला कळतं. कानानं कळतं म्हणतो. मला ते खरं वाटत नाही, पण तो चुकलेला मी एकदाच पाहिला आणि तेच सांगायला बसलोय.

मुलगी बघायला गेला तेव्हा यानं एकच प्रश्न विचारला होता. ‘वाचताना पान दुमडता का?’ मुलगी म्हणाली, ‘दुसऱ्याच्या पुस्तकाचं नाही दुमडत.’ हा खूश होऊन परत आला. लग्न झाल्यावर तिनं स्वतःची पुस्तकं आणली, आणि तीस वर्षं त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याकडे बघत बघत, त्यांची पानं दुमडली. तो तोंड फिरवून बसायचा. संसार उत्तम झाला.

आणि त्याची एक सवय होती, जिच्यावरून लोक त्याला नावं ठेवायचे. त्याचे वडील गेले, तेव्हा हा सकाळपासून खुर्चीत बसून होता. बोलणं नाही, रडणं नाही. दुपारी एकदम उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘भूक लागली.’ जमलेले पाहुणे एकमेकांकडे बघत राहिले. मग एका वर्षी वाचनालयातला पाण्याचा नळ फुटून बाराशे पुस्तकं भिजली. हा त्या चिखलात दोन तास मांडी घालून बसला, मग उठला: ‘भूक लागली.’ सात वर्षांपूर्वी बायको गेली. पुन्हा तेच. तेव्हा तिची एक मावशी मला म्हणाली, ‘अहो, हा माणूस आहे की पोट?’ आणि खोटं कशाला बोलू, ते वाक्य मी आणखी चार घरी पोचवलं.

त्या भुकेचं मूळ एका लहान मुलांच्या पुस्तकात होतं. मला ते माहीत असायला हवं होतं, कारण ते पुस्तक मी पहिल्यापासून त्याच्याकडे बघत आलोय. शहाण्णव पानांचं, हिरव्या पुठ्ठ्याचं. एक मुलगी आणि एक म्हातारं अस्वल नदी कुठून निघते ते शोधायला जातात, एवढीच गोष्ट. लेखिकेला ‘म्हातारं अस्वल’ हे दोन शब्द इतके लाडके, की पानागणिक दहा वेळा येतात. सहाव्या वर्षी गोवर आला तेव्हा त्याच्या उशाशी ते पहिल्यांदा आलं, आणि मग ते उशापासून हललं नाही. पुढं स्वतःच्या मुलीला वाचून दाखवलं, आता रविवारी नातीला दाखवतो. नात आठ वर्षांची आहे. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती उभी असतानाही फिरत असते. फक्त अस्वलाच्या वेळी स्थिर बसते.

त्या पुस्तकावर सिनेमा येतोय, ही बातमी मीच नेली. अशा बातम्या मीच नेतो.

खळमामाची सुई हवेत थांबली. ‘कुणी सांगितलं?’

मी फोनवर जाहिरात दाखवली. डोंगर, नदी, केसाळ अस्वल, आणि एक मुलगी बर्फात गुडघे टेकून हाक मारतेय. वर अक्षरं: या उन्हाळ्यात.

‘मुलगी मोठी घेतलीय,’ तो म्हणाला.

‘असू दे की.’

‘अस्वलाचा डावा कान फाटका हवा.’

‘मामा, कानासाठी कोणी तिकीट काढत नाही.’

त्यानं सुई बुचात खोचली. ही गोष्ट गंभीर. काम अर्धवट असताना तो सुई ठेवत नाही.

‘हाक मारल्यावरचं कसं दाखवतील?’ तो म्हणाला. ‘अरे, अस्वल बर्फात पडतं. संपतं. मुलगी हाक मारते, आणि ते उठून उभं राहतं आणि म्हणतं, भूक लागली. बस. औषध नाही, मंतर नाही, कुणाची कृपा नाही. का उठलं ते सांगितलंच नाही. मग दोघं बाजारात जातात आणि ते पाव खातं.’

मी फोन खाली ठेवला. चाळीस वर्षांच्या गप्पा माझ्या डोक्यात उलट्या दिशेनं फिरल्या. वडील, नळ, बायको. मी मावशीच्या वाक्याबद्दल काही बोललो नाही.

‘सिनेमावाले तिथं उजेड पाडतील,’ तो म्हणाला. ‘अस्वलाच्या अंगातून चांदण्या काढतील. वाजंत्री लावतील. आणि भिंगरीच्या शाळेतून सगळ्या वर्गाला नेणार आहेत. एकदा का तिनं त्या चांदण्या बघितल्या, की मग मी रविवारी काय वाचू? तिला चांदण्याच दिसणार.’

‘मग लिही त्यांना.’

मी हे चेष्टेनं म्हणालो होतो. त्यानं कागद पुढं ओढला आणि पेन माझ्या हातात दिलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. पत्र दोन पानी झालं. त्यात कान होता, मुलीचं वय होतं, आणि उरलेलं दीड पान त्या एका वाक्यावर. ‘अस्वल का उठले याचा खुलासा करू नये. मूळ पुस्तकात तो नाही. अस्वल उठल्यावर लगेच बाजार दाखवावा. शेवटी अस्वल पावाच्या दुकानापाशीच राहते व मुलगी एकटी घरी येते, ते तसेच ठेवावे.’ खाली सही आणि हुद्दा: ग्रंथबांधणीकार, निवृत्त.

‘निवृत्त कशाला लिहितोस?’ मी म्हणालो. ‘मग ते घाबरायचे नाहीत.’

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. येईल असं मला वाटलंच नव्हतं. सिनेमाच्या कचेरीतल्या कुणा बाईनं अगदी सभ्यपणानं लिहिलं होतं, की तुमच्या प्रेमाबद्दल आभार, पण तुम्ही म्हणता तो प्रसंग मूळ पुस्तकात आढळत नाही. आपली काही गल्लत होत असावी. सोबत पुस्तकाच्या दोन पानांची झेरॉक्स जोडली होती. पान ऐंशी आणि पान एक्याऐंशी.

ऐंशीव्या पानाच्या तळाशी होतं: ‘मुलीने पुन्हा हाक मारली. म्हातारं अस्वल’. आणि एक्याऐंशीच्या माथ्यावर: ‘हललं नाही. मुलगी एकटीच नदीच्या काठाने घरी आली.’

खळमामानं ते वाचलं आणि काय केलं असेल? तो हसला. इतका हसला, की ग्रंथपालबाई दारातून डोकावून गेल्या.

‘अरे, यांच्याकडे चुकीच्या बांधणीची प्रत आहे,’ तो म्हणाला. ‘सोळा पंचे ऐंशी. बरोब्बर फर्मा संपतो तिथं. पाचव्यानंतर यांनी भलताच फर्मा शिवलाय. सगळा सिनेमा चुकलेल्या प्रतीवर. बोल, आता काय म्हणतोस?’ त्यानं कपाटातून आपलं हिरवं पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर उघडलं. ‘हे बघ. मुलीने पुन्हा हाक मारली, म्हातारं अस्वल. आता समोरचं पान. उठून उभं राहिलं आणि म्हणालं, भूक लागली.’

अगदी तसंच होतं. मी दोन्ही शेजारी ठेवून बघितलं. मी आयुष्यभर लोकांच्या चुका शोधत आलोय, त्यामुळे माझी नजर नको तिथं जाते.

‘मामा,’ मी म्हणालो, ‘यांच्या पानांवर ऐंशीनंतर एक्याऐंशीच आहे. आकडे ओळीनं आहेत. तुझे आकडे कुठं आहेत?’

‘माझ्यात आकडे छापलेच नाहीत. लहान मुलांचं पुस्तक आहे.’

‘छापलेच नाहीत, की कापले?’

त्यानं पुस्तकाची खालची कड बघितली. मजकूर संपला की लगेच कागद संपत होता. बोटभरही जागा नव्हती. दुसऱ्या कुणाचं पुस्तक असतं तर त्यानं ते पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. पण आपल्या आईच्या नाकाकडे कोण बारकाईनं बघतं?

त्याच वेळी ताई आली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, वय एकोणसत्तर, मागच्या गल्लीत राहते. दर गुरुवारी त्याचा डबा घेऊन येते आणि डबा संपेपर्यंत समोर बसते, तो उरवतो म्हणून. दोघांचे वडील बांधणीकार होते आणि ती त्यांच्या हाताखाली त्याच्याआधी शिकली, त्याच्याहून चांगलं शिकली. पण तो विषय त्या घरात कोणी काढत नाही. टेबलावरची झेरॉक्स तिनं वाचली, हिरवं पुस्तक बघितलं, आणि डब्याचं झाकण काढता काढता थांबली.

‘झालं ना,’ ती म्हणाली.

‘काय झालं?’

‘आधी जेव, मग सांगते.’

‘ताई, आधी सांग.’

‘ते मी बांधलंय.’

‘काय?’

‘हे पुस्तक. तुला गोवर आला होता. छापखान्यातून उरलेले फर्मे बाबा घेऊन आले होते, सुटे. मी अकरा वर्षांची. म्हटलं, धाकट्याला आपणच बांधून देऊ. माझं पहिलं पुस्तक ते. शिवलं, पाठीला खळ लावली, पुठ्ठा चढवला, आणि मग चाळून बघते तर चारच्या जागी पाच आणि पाचच्या जागी चार. तिसरा, चौथा, पाचवा, तिन्ही फर्मे म्हातारं अस्वल या दोन शब्दांवरच संपतात, म्हणून शिवताना कळलं नाही.’

‘मग उसवायचं.’

‘बाबांना कळलं असतं. बाबांनी उसवायला लावून वर दहा वेळा शिवायला लावलं असतं. तुला ठाऊक नाही का त्यांचा स्वभाव? म्हणून यंत्रात धरलं आणि खालून आकडे कापून टाकले. बाबांनी हातात घेऊन बघितलं. म्हणाले, खालची कड जास्त गेली. बाकी काही नाही म्हणाले.’

खळमामा बघत राहिला. मी खुर्ची पुढं ओढली. असा प्रसंग वर्षातून एकदा येतो.

‘म्हणजे बाजार आधी,’ तो म्हणाला.

‘आधी. नदीकडं जातानाच बाजार लागतो. तिथं सकाळी अस्वल उठतं आणि म्हणतं भूक लागली, आपण नाही का सकाळी म्हणत, तसं. मग पाव खाऊन दुकानापुढून उठेना, त्याला ओढत नेतात. मग डोंगर. मग बर्फ.’

‘आणि बर्फातून?’

ताईनं डबा त्याच्यापुढं सरकवला. ‘बर्फातून नाही येत ते.’

‘साठ वर्षं बोलली नाहीस.’

‘अठ्ठावन्न. पहिले चार दिवस बाबांना भ्यायले. पुढं तुझा ताप उतरला. तू उठून बसलास आणि म्हणालास, भूक लागली. घरात सगळे हसले, आई रडली. मग मी कशाला बोलते?’

त्यानं डबा खाल्ला नाही. पुस्तक पिशवीत घातलं, खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलं आणि घरी गेला. दारात ताई म्हणाली, ‘धाकट्या, भूक नाही का?’ त्यानं मान हलवली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आता हे तू गावभर सांगू नकोस.’ मी म्हणालो, ‘ताई, माझ्यावर विश्वास नाही?’ ती म्हणाली, ‘नाही.’

पुढचे आठ दिवस मागची खोली बंद होती. एकेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदा. ग्रंथपालबाईंनी मला विचारलं, मी सर्दी म्हणून सांगितलं. नवव्या दिवशी त्याच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, गॅलरीत भिंगरीची जुनी तीनचाकी, आणि स्वयंपाकाच्या टेबलावर हिरवं पुस्तक उघडं पाडलेलं. ओल्या फडक्यानं पाठीची खळ मऊ करून त्यानं पुठ्ठा सोडवला होता. आतली शिलाई दिसत होती. जाडा दोरा, वाकडे टाके, प्रत्येक टाक्याला दोन-दोन गाठी.

‘गाठी बघ,’ तो म्हणाला. ‘एक पुरते. अकरा वर्षांची पोर, सुटेल म्हणून दोन मारल्यात.’

‘आता काय करणार?’

‘ताईचा निरोप आलाय, लावून टाक नीट. अर्ध्या तासाचं काम आहे. चौथा उचलायचा, पाचव्याच्या आधी ठेवायचा.’

‘मग?’

‘मग ते उठणार नाही.’

त्यानं दोरा हातात घेतला होता, पण ओवलेला नव्हता. मी विचारलं, ‘मामा, तुला वाईट कशाचं वाटतं? अस्वल मेल्याचं?’

‘अस्वल काय, पुस्तकातलं आहे,’ तो म्हणाला. ‘पण मी आयुष्यभर ज्या ओळीवर उठलो, ती कुणी लिहिलेलीच नाही. लेखिकेनं अर्धी इकडं लिहिली, अर्धी तिकडं. मधला सांधा एका घाबरलेल्या मुलीचा.’ मग दोरा खाली ठेवून म्हणाला, ‘आणि मंगळवारी भिंगरीच्या वर्गाला नेतायत. ती विचारेल. तिला काय सांगू, की मी तुला तीन वर्षं चुकीचं वाचून दाखवतोय? ती सगळ्यांना सांगेल, माझे आजोबा फर्मे पकडतात म्हणून. सांगितलंयच तिनं.’

मी चहा मागितला. त्यानं केला, साखर विसरला.

मंगळवारी शाळेला मुलांबरोबर चार मोठी माणसं हवी होती. खळमामा गेला. ताई गेली. मीही गेलो, माझं तिथं कुणी शिकत नाही, पण वर्गाच्या बाईंनी विचारलं नाही. सकाळचा खेळ, सगळ्या रांगांत तीन-तीन फूट उंचीचे प्रेक्षक. भिंगरी आजोबा आणि ताईच्या मध्ये, मी पाठीमागच्या रांगेत, म्हणजे मला सगळं दिसावं.

सिनेमा वाईट नव्हता. कानही फाटका होता. उजवा, पण फाटका. बाजार आला तेव्हा अस्वलानं दुकानभर धिंगाणा घातला आणि पोरं खिदळली. भिंगरी तेवढी हसली नाही. ती आजोबांकडे बघून म्हणाली, ‘हे आत्ता कसं काय?’ त्यानं ओठावर बोट ठेवलं. मग डोंगर, मग बर्फ. अस्वल पडलं. चांदण्या नव्हत्या, वाजंत्रीही नव्हती. वाऱ्याचा आवाज आणि मुलीची हाक. चांगलं केलं होतं त्यांनी, नाही कशाला म्हणू. चित्रपटगृहात एक हुंदका आला, मग दुसरा, मग साथ आल्यासारखं सगळ्या रांगा रडायला लागल्या. बाई स्वतः रुमाल शोधत होत्या.

भिंगरी शांत बसली होती. शेजारचा मुलगा मुसमुसत होता, त्याला ती म्हणाली, ‘थांब ना. आता उठेल.’

ते उठलं नाही. मुलगी घरी आली, आईनं विचारलं अस्वल कुठाय, ती म्हणाली राहिलं तिकडंच. नावं सरकायला लागली. दिवे लागले, पोरं उठली, नाकं पुसली. भिंगरी पडद्याकडे बघत बसून राहिली. नावंसुद्धा संपली तेव्हा ती वळली.

‘आजोबा, यांचा एक फर्मा चुकलाय.’

खळमामानं ताईकडे बघितलं. ताईनं छताकडे बघितलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

‘बाजार आधी लावला त्यांनी,’ भिंगरी म्हणाली. ‘बाजार नंतर हवा ना? म्हणून ते उठलंच नाही. तुम्ही यांना पत्र लिहिलं होतं ना?’

‘लिहिलं होतं,’ तो म्हणाला.

‘मग?’

आता या माणसानं चाळीस वर्षांत चुकलेला फर्मा बरोबर आहे असं कुणाला सांगितलेलं नाही. ग्रंथपालबाईंना नाही, वडिलांना तर नाहीच. मी पुढं झुकलो.

‘दोन प्रकारची प्रत असते,’ तो म्हणाला. ‘ही लेखिकेची. आपल्याकडं आहे ती आपल्या घरची.’

‘घरची कुणी केली?’

‘हिनं,’ त्यानं बोट दाखवलं. ‘या आजीनं. ती अकरा वर्षांची होती.’

भिंगरीनं ताईकडे असं काही बघितलं, की अठ्ठावन्न वर्षं जपलेली चोरी कबूल केल्यावर कुणाला असा मान मिळालेला मी पाहिलेला नाही. ताई म्हणाली, ‘चला, गर्दी ओसरली.’

बाहेर ऊन होतं. खळमामा पायरीवर उभा राहिला, चष्मा पुसला आणि म्हणाला, ‘भूक लागली.’ ताईनं पिशवीतून डबा काढला. तिनं तो आणलेलाच होता.

हिरवं पुस्तक त्यानं पुन्हा शिवलं. त्याच भोकांतून, त्याच क्रमानं. गाठी मात्र एक-एकच मारल्या. दोरा सरळ आला. ताईनं बघितलं आणि म्हणाली, ‘माझं जास्त घट्ट होतं.’

इथंच संपवायला हवं, पण एक राहिलं. सिनेमा चालला, तसं प्रकाशकानं पुस्तक पुन्हा बाजारात आणलं. जुन्या पानांचे फोटो काढून तसंच्या तसं छापलं, फक्त पाठ नुसती गोंदानं चिकटवली. ग्रंथपालबाईंनी बारा प्रती घेतल्या. गोंदाची पुस्तकं दहा पोरांच्या हातून गेली की पानं गळतात, म्हणून आमच्याकडे नवीन पुस्तक कपाटात जायच्या आधी मागच्या खोलीत शिवून घेतात. बाराही प्रती खळमामाच्या टेबलावर आल्या. तो त्या पाठीकडून सोडवायचा, सुटी पानं पुन्हा रचायचा, शिवायचा, कडा कापायचा. आठवडाभर काम चाललं. मी रोज हजर होतो, पण डोळा लागतो कधीकधी या वयात.

प्रती कपाटात गेल्या त्या दिवशी मी मुलांच्या विभागात जाऊन बाराही उघडल्या. लहान खुर्चीत बसायला त्रास झाला. अकरांत सगळं जागच्या जागी होतं. ऐंशीनंतर एक्याऐंशी, आणि अस्वल हललं नाही. बाराव्या प्रतीवर पानांचे आकडे नव्हते. मी चाळत गेलो, बर्फापर्यंत आलो, आणि समोरच्या पानावर अस्वल उठून उभं होतं.

मागच्या खोलीत तो खळ ढवळत होता. मी ते पुस्तक त्याच्यापुढं ठेवलं.

‘खालची कड जास्त गेली,’ मी म्हणालो.

त्यानं बघितलंही नाही. ‘पातं नवीन आहे,’ तो म्हणाला. ‘अजून हाताला बसायचंय.’

ग्रंथपालबाईंना मी काही बोललो नाही. हे मी पहिल्यांदाच केलं, आणि ती प्रत पुन्हा कपाटात नेऊन ठेवली. ती प्रत सध्या कपाटात नसते. ती कायम कुणीतरी नेलेली असते, आणि परत आली की अस्वल बाजारात पाव खातं त्या पानावर पावाचे कण सापडतात.